बोळवणे

एका राज्यात निघालेल्या पाहुण्याला पोचवायला कोणी उठत नसे. पाहुणा म्हणे, "येतो," आणि त्याच्या मागे दार लागे. गेलेला माणूस वाट विसरे, पुन्हा येत नसे.

याचे मूळ होते राजा हिरण्यकेतू. महाराजांचे गुडघे दुखत होते असे नव्हे हो. राजाने कोणासाठी उठू नये, ही घराण्याची ऐट! सिद्धनाथ मांत्रिक दरबारातून निघाला, तेव्हा महाराजांनी बसल्या जागेवरून शाल सरकवली. "ही तुमची बोळवण." मांत्रिकाने शाल तिथेच ठेवली आणि 'बोळवणे' हे क्रियापद राज्यातून उचलून नेले.

पुढे राजकन्या मदनलेखा सासरी निघाली. राजा उठला नाही. तीही परतली नाही. एवढ्या महालात राजा एकटा जेवायला बसे, आणि भरले ताट तसेच परत जाई. लेकीवाचून त्याला जगणे नकोसे झाले.

एके सकाळी खिडकीत भारद्वाज पक्षी येऊन बसला. म्हणाला, "राजा, लेक हवी ना? चालत जा. वाटेत तिघे भेटतील. तिघांनाही पोचव."

राजा अनवाणी निघाला. रानात आंधळी वाघीण भेटली. राजाने तिला गुहेपर्यंत सोबत केली. ती म्हणाली, "पूर्वी आमच्या भयाने यजमान पाहुण्याबरोबर रान ओलांडीपर्यंत चालत. त्याला बोळवणे म्हणत."

पुढे नदी भेटली. ती समुद्राकडे निघाली होती. राजा समुद्रापर्यंत तिच्या काठाने चालला. नदी म्हणाली, "वाघांचे भय सरले, तरी माणसे पाहुण्याला पोचवायला माझ्या काठापर्यंत येतच राहिली. जीव तुटत असे म्हणून."

किनाऱ्यावर सिद्धनाथ उभा होता. "मग राजे बसून राहिले," तो म्हणाला. "शाल दिली, झाली बोळवण! शब्द पार झिजला, म्हणून मी नेला."

"तो परत द्या, सिद्धनाथ," राजा म्हणाला.

"मला वेळ नाही. मी निघालो."

राजा त्याच्या शेजारून चालू लागला. किनाऱ्यामागचा डोंगर ओलांडून झाला तेव्हा मांत्रिकाचे डोळे भरून आले. "बोळवलंत मला. आता फिरा."

शब्द राज्यात परतला आणि शाप सुटला. मदनलेखा वाट आठवून माहेरी आली, मनसोक्त राहिली, आणि रीतीप्रमाणे पुन्हा सासरी निघाली. राजा सिंहासनावरून उठला. दोघे शिवेपर्यंत आली.

"बाबा, आता मागे फिरा."

"त्या वडापर्यंत येतो," राजा म्हणाला.

वड मागे पडला, तरी तो चालतच होता.