गोधडीखालचं चाक

फार पूर्वी डोंगरातल्या ओढ्याचं पाणी पाटाने वळवून वाडीसाठी छोटं वीजघर बांधलं होतं. तिथलं चाक पावसाळाभर फिरायचं नि वाडीत दिवे लागायचे.

उन्हाळ्यात पाणी उरलं जेमतेम गुरांपुरतं. राखणदार लखूने चाकाकडची झडप लावून ते पाटाने खाली सोडलं, चाकाला ग्रीस फासलं नि वर गोधडी घातली.

"झडपमावशी, मला टाकलं गं! थोडं पाणी सोड, फिरून दाखवेन," चाक गोधडीखालून कुरकुरलं.

भोचक झडपेला सगळ्यांची खबर. "अरे वेड्या, टाकलेला नांगर बघ, अंगणात गंजतोय. तुला लखूने स्वतःची गोधडी दिलीय. पोतं पांघरून निजतो बिचारा!"

बाहेर तहानलेलं वासरू पाटाला तोंड लावून घटाघटा पिऊ लागलं. चाक ऐकत राहिलं.

"मावशी," ते हळूच म्हणालं, "घट्ट मिटून राहा हं. माझ्याकडे थेंबही गळू देऊ नकोस."