पडद्याआड पाहिलेली पत

खूप मागे, आपल्या आज्याच्या आज्यालाही आठवणार नाही इतक्या मागे, डोंगराच्या कुशीत एक गाव होते. गोष्ट लहानांना सांगतो आहे, पण मोठ्यांनी उठून जाऊ नये. चूक मोठ्या माणसाची आहे.

त्या गावात एक तेली होता. घाणा बापाचा, बैल स्वतःच्या कष्टाचा. तेल शुद्ध, माप भरलेले. तो चामड्याच्या बुधल्यांत तेल भरी, बुधल्याच्या तोंडाला चिकणमाती लिंपी आणि ओल्या मातीवर आपल्या घराचा लोखंडी ठसा उठवी. ठशावर मोरपीस होते. मोरपीस दिसले की बाजारात कोणी तेल मोजून घेत नसे. याला म्हणतात पत.

पण तेल्याची मान ताठ होती आणि बोलणे तोडून. एक गाडीवान त्याचे बुधले बाजारगावी नेई. एकदा त्याने काही विचारले, तर तेली म्हणाला, "तू बैल हाक. बाकीचं मी बघतो." गाडीवानाने विचारणे सोडले.

गावदेवीपुढे अखंड दिवा जळे. त्याचे तेल कोणाच्या घाण्याचे घ्यायचे, हे गाव दर दसऱ्याला ठरवी. तेल्याच्या बापाचे तेल हयातभर त्या दिव्यात जळले. बाप गेला. दसरा दोन महिन्यांवर आला आणि तेल्याची झोप उडाली. तो मान आपल्याकडे राहणार की जाणार? गाव आपल्याला काय समजते?

तेलीण म्हणाली, "मग पारावर विचारा की. आपल्याकडे सोय आहे."

सोय खरीच होती. वर्षातून एकदा, हव्या त्या दिवशी, कोणीही पारासमोर उभे राहावे आणि म्हणावे, माझी पत सांगा. पारावरची वडीलधारी माणसे तोंडावर सांगत. चांगली तर चांगली, वाईट तर वाईट. दमडी घेत नसत.

"चारचौघांत हात जोडून उभा राहू?" तेली म्हणाला. "लोक म्हणतील, याच्या मनात काळंबेरं आहे म्हणून विचारतोय."

"विचारून कोणाची पत गेलीय का आजवर?"

"तुला नाही कळायचं."

तिला कळत होते.

त्याच सुमारास बाजारगावात एक परका माणूस आला. त्याने रंगीत तंबू ठोकला, दाराला जाड पडदा लावला आणि गोड आवाजात ओरडू लागला, "पत पाहा, पत. फुकट पाहा. पडद्याआड पाहा. कोणाला कळायचं नाही."

फुकट हा शब्द तेल्याला आवडला. कोणाला कळायचं नाही, हे त्याहून आवडले. तो इकडेतिकडे बघत आत शिरला.

"या मालक, बसा," परका म्हणाला. "काही द्यायचं नाही. फक्त तुमच्या घराचा ठसा या मेणावर उठवा. तुमची पत भलत्याला सांगितली तर? मालक तुम्हीच, एवढं मला कळायला नको?"

तेल्याला हे पटले. ठसा कमरेला होता. त्याने तो मेणावर दाबला.

परक्याने परातीत पाणी ओतले, त्यात डोकावून पाहिले आणि मान डोलावली. "उत्तम. अशी पत शंभरात एखाद्याची."

तेल्याची छाती फुगली. तेवढ्यात परका एका दमात, गोसावी आशीर्वाद पुटपुटतो तसे पुटपुटला, "पुढच्या बाजारापर्यंत फुकट, मग दर बाजारी आमचा वाटा, नको असेल तर येऊन नको म्हणावे, न आल्यास हो समजू, कल्याण असो."

तेल्याने ऐकले नाही असे नाही. ऐकले. पण त्याच्या गावची एक रीत होती. कोणी जेवणाचे आवतण दिले आणि जायचे नसले, तर तोंडावर नको म्हणत नसत. तो अपमान झाला असता. जायचेच नाही. न जाणे हाच नकार. यजमान ओळखून घेई आणि पान उचलून ठेवी.

तेली मनात म्हणाला, मला वाटा द्यायचा नाही, तेव्हा मी परत जाणार नाही. झाले.

तो गेला नाही. आणि आपण नको म्हटले अशा समजुतीत निवांत घाणा हाकत बसला.

इकडे परक्याने मेणावरून हुबेहूब दुसरा ठसा ओतून घेतला होता. त्याने बाजाराच्या वाटेवर गाडीवानाला गाठले आणि मोरपीस दाखवले. "तुझ्या मालकाचं आणि माझं ठरलंय. बुधल्यामागे माझा वाटा."

त्याने माती फोडली, वाट्याचे तेल काढून घेतले, नवी माती लिंपली, वर मोरपीस उठवले. गाडीवानाला हे चमत्कारिक वाटले. पण खूण घरची होती. आणि त्याला बैल हाकायला सांगितलेले होते.

दर बाजारी असे होऊ लागले.

एक दिवस बाजारगावच्या धर्मशाळेची स्वयंपाकीण तेल्याला वाटेत भेटली. "काय हो तेलीकाका, तुमचा बुधला हल्ली उपास धरतो का? पोट आत गेलंय त्याचं."

"वाटेत माती फुटली असेल."

"कुठली फुटते? मोरपीस जागच्या जागी. म्हणून म्हणते, घरूनच उपाशी निघतो तो."

आजूबाजूचे हसले. तेल्याचे कान तापले. "माझ्या बापानं कधी माप मारलं नाही, मीही नाही," एवढेच बोलून तो निघून गेला. पण मग हलवायाने तेच सांगितले. मग कासाराने. लोक मोरपिसाचा बुधला दिसला की माप मागू लागले.

तेल्याने विचार केला. घरून तेल पुरे निघते, बाजारात कमी पोचते. मध्ये कोण? गाडीवान.

दसऱ्याला सारे गाव पाराभोवती जमले. दिव्याच्या तेलाचा विषय निघण्याआधीच तेली उठला आणि त्याने बोट रोखले. "माझ्या तेलाची बदनामी झालीय, ती या माणसामुळे. हा चोर आहे."

गाडीवानाची बायको बायकांत बसली होती. तिने पदर तोंडाशी धरला. गाडीवान सावकाश उभा राहिला.

"मालक, मी थेंब घेतला नाही. तुमच्या माणसाला दिलं."

"माझा कोण माणूस?"

"तो तंबूवाला. तुमचा ठसा आहे त्याच्यापाशी. तुमचं ठरलंय म्हणाला. तुम्हाला विचारणार होतो. मग म्हटलं, आपण बैल हाकावा."

पारावर सुईणआजी बसत असे. गावातली निम्मी माणसे तिच्या हातावर जन्मली होती. तिने तेल्याकडे पाहिले. "ठसा त्याला कोणी दिला रे लेका?"

ठसा चोरीला गेला, एवढे म्हटले की सुटका होती. दिवाही राहिला असता. तेल्याच्या जिभेवर ते आलेही. पण समोर गाडीवान उभा होता, आणि गावाचे डोळे गाडीवानावर होते.

"मी दिला," तेली म्हणाला.

"कशाला?"

तेल्याची नजर जमिनीला लागली. चोरी कबूल करणे याहून सोपे गेले असते.

"माझी पत पाहायला."

कोणी हसले नाही. हसले असते तर बरे झाले असते.

"आमच्यात जन्मलास, आमच्यात वाढलास," आजी म्हणाली, "आणि आम्ही तुला काय समजतो, ते त्याला विचारलंस? काय म्हणाला तो?"

"परातीत पाहून म्हणाला, उत्तम. शंभरात एखाद्याची."

"तुझं तेल कधी चाखलंय त्यानं? परात सगळ्यांशी सारखीच गोड बोलते, लेका. त्याच्या परातीवर कोण तुला उधार देणार होतं? या पाराला विचारलं असतंस तर फुकट सांगितलं असतं. माप भरलेलं, जीभ कडू. दिव्याचा मान तुझ्याच घरी ठेवायचं आमचं ठरलं होतं."

तेल्याने मान वर केली.

"ठरलं होतं, असं म्हणाले मी," आजी म्हणाली. "ज्याचा ठसा दोघांच्या हाती, त्याचं तेल देवीला चालत नाही. आणि चोर कोणाला म्हणालास, ते आठव."

दिव्याचा मान खालच्या आळीच्या तेल्याकडे गेला.

दुसऱ्या दिवशी तेली परक्याच्या तंबूपाशी गेला. दारात बसवलेला त्याचा माणूस हसून म्हणाला, "हो म्हणायचं असेल तर इथं. नको म्हणायचं असेल तर नदीपलीकडच्या टेकडीवर."

तेली नदी उतरला, टेकडी चढला. वर एक झोपडी होती आणि तिला कुलूप. शेजारी गुरे राखणारा म्हणाला, "इथं रोज कोणीतरी येतंय बघा, नको म्हणायला. उघडं मात्र मी अजून पाहिलं नाही."

तेली तेथून थेट लोहाराकडे गेला आणि बापाचा ठसा ऐरणीवर ठेवला. लोहाराने एकदा त्याच्याकडे पाहिले, मग घण उचलला.

ठसा मोडून भागत नव्हते. परक्याजवळचा शाबूत होता. म्हणून तेली दारोदार फिरला. "आजपासून मोरपीस माझं नव्हे. मोरपिसाचा बुधला घेऊ नका."

"का बरं?" प्रत्येक दारात विचारत.

जे एकदा पारासमोर विचारायची त्याला लाज वाटली होती, ते तो आता प्रत्येक उंबऱ्यावर सांगत होता. धर्मशाळेत सांगितले, हलवायाला सांगितले, कासाराला सांगितले. स्वयंपाकिणीने या खेपेला थट्टा केली नाही. तिने पाण्याचा तांब्या पुढे केला.

शेवटी तो गाडीवानाच्या दारी गेला. कवाड बंद होते. आतून बायकोचा आवाज आला, "घरात आहेत. पण भेटायचं नाही म्हणतात."

तेली बंद कवाडासमोर उभा राहिला. "तू चोर नव्हतास," तो म्हणाला. "मी खोटा आळ घेतला."

कवाड उघडले नाही.

पुढच्या बाजाराला तेल्याने बुधला स्वतःच्या खांद्यावर घेतला आणि घाट उतरू लागला. वाटेत भेटणाऱ्याने विचारले, गाडी कुठे? त्याने खरे ते सांगितले आणि पुढे चालू लागला.

आपली पत आपल्या माणसांना उघड विचारावी. ती फुकट सांगणाऱ्या परक्याच्या हाती घराचा ठसा देऊ नये.