बोराएवढे भोक

दोन टेकड्यांच्या मधल्या एका जंगलात, तळ्याच्या बांधाखालच्या खडकाळ जागेत एक टिटवी राहत असे. टिटवी झाडावर घरटे बांधत नाही, हे तुम्हाला ठाऊक असेलच. चार खडे इकडे सारायचे, चार तिकडे, आणि मधल्या खळग्यात अंडी घालायची, एवढाच तिचा संसार. या टिटवीने चार अंडी घातली होती. ती इतकी खड्यांसारखी दिसत, की तिला स्वतःलाच अधूनमधून मोजून खात्री करून घ्यावी लागे.

तळ्याचा बांध हत्तींनी फार पूर्वी दगडमातीने घातला होता. त्याच पाण्यावर सारे जंगल उन्हाळा काढी. जंगलाचा कारभार एक थोरली हत्तीण पाहत असे. ती राहायची टेकडीपलीकडे, म्हणून तिने वाटेवरच्या वडाखाली एक वानर बसवले होते. ज्याला काही अडचण असेल त्याने वानराला सांगावे, वानराने ती हत्तिणीच्या कानावर घालावी, अशी सोय होती. सोय चांगली होती, पण वडाखाली सहसा कुणी फिरकत नसे. जंगलातल्या मंडळींना तक्रार करायला आवडत नव्हते असे मुळीच नाही. फार आवडे, पण ती एकमेकांपाशी.

एके दिवशी टिटवीच्या अंड्यांजवळचे खडे ओले दिसले. तिने वर पाहिले, तर बांधातून पाण्याची धार येत होती. झाले! टिटवी उडाली आणि जंगलभर ओरडत सुटली, "पाणी चाललं, पाणी चाललं!" चरणाऱ्या हरिणीने मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. रानडुक्कर म्हणाले, "टिटवी ती, ओरडायचीच." खरे म्हणजे त्यात तिचाही थोडा दोष होता. वाळके पान पडले तरी ती तेवढ्याच जोरात ओरडे.

शेवटी ती वडाखाली गेली. "या जंगलात कुणाचं कुणाकडे लक्ष नाही," ती वानराला म्हणाली. "वाटेवर काटे पडलेत. कावळे वरून घाण करतात. कोल्ह्यांना बोलायची सोय नाही. बांधाचे तर हाल झालेत. आम्ही राहायचं तरी कसं?"

"बांधाला काय झालं? कुठे झालं?" वानराने विचारले.

"काय झालं नाही ते विचार! डोळे असतील तर येऊन बघ," असे म्हणून टिटवी फणकाऱ्याने उडून गेली.

वानराने संध्याकाळी हत्तिणीला निरोप दिला, "टिटवी नाराज आहे."

"ती खूश कधी होती?" हत्तीण म्हणाली, आणि तो विषय तिथेच संपला.

टिटवी दोन दिवस वाट पाहत राहिली. कुणी आले नाही. ओल मात्र अंड्यांच्या आणखी जवळ सरकली. चालवत दुसरीकडे न्यायला अंडी म्हणजे काही पिल्ले नव्हेत. टिटवीला आता खरोखरच भीती वाटू लागली. तळ्याकाठी एक म्हातारे कासव ऊन खात बसले होते. टिटवीने त्याच्यापाशी आपले गाऱ्हाणे मांडले, वानराला काय काय सुनावले तेही सांगितले.

कासवाने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाले, "पोरी, तुझा राग मला कळला. पण भोक कुठे आहे ते अजून कळलं नाही."

"बांधाला आहे, आजोबा."

"बांध केवढा लांब आहे! वानराने कुठे शोधायचं? आधी नीट बघून ये. कुठे आहे, केवढं आहे, वाढतंय का, एवढंच बघ. काट्यांचं आणि कावळ्यांचं पुन्हा कधीतरी सांग."

टिटवी गेली. इतके दिवस ती धारेकडे पाहून ओरडत होती, पण ती धार येते कुठून हे तिने जवळ जाऊन पाहिलेच नव्हते. जांभळाच्या मुळाशी दोन दगडांमध्ये भोक होते. खाली पडलेले एक बोर तिने चोचीने ढकलत नेऊन भोकाशेजारी ठेवले. दोन्ही सारखीच. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पुन्हा पाहिले, तर भोक बोराहून बरेच मोठे झाले होते. ती तडक वडाखाली गेली.

"बांधावरच्या जांभळाच्या मुळाशी भोक पडलंय," ती म्हणाली. या वेळी तिचा आवाज चढलेला नव्हता. "काल बोराएवढं होतं. आज आवळ्याएवढं आहे. असंच वाढलं तर दोन दिवसांत कवठाएवढं होईल. खाली माझी चार अंडी आहेत."

वानर ताडकन उठले. या वेळी ते संध्याकाळपर्यंत थांबले नाही. दुपार कलायच्या आत हत्तीण आपला कळप घेऊन बांधावर हजर झाली. हत्तींनी मोठाले दगड आणले, चिकणमाती आणली. पण आतून माती केव्हाच वाहून गेली होती. पहिला दगड बसवताना बांधाचा एक लचका सुटला आणि पाण्याचा लोंढा खाली आला. हत्तिणीने पुढे होऊन आपल्या अंगाने पाणी अडवले, बाकीच्यांनी भराभर दगड रचले, माती थापली. तळे वाचले. टिटवीची तीन अंडीही वाचली. एक वाहून गेले.

एव्हाना सारे जंगल तिथे जमले होते. हत्तिणीने सगळ्यांकडे पाहिले. "हे भोक आधी कुणी पाहिलं होतं?"

 रानडुक्कर म्हणाले, "मी पाहिलं होतं. बोराएवढं होतं. मला वाटलं, हरिणीने सांगितलं असेल."

"मी करवंदाएवढं असताना पाहिलं," हरिणी हळूच म्हणाली. "रानडुक्कर रोज इथूनच जातं, तेच सांगेल असं वाटलं."

शेवटी एक मुंगी पुढे आली. "मी मोहरीएवढं असताना पाहिलं. पण मुंगीचं कोण ऐकणार, म्हणून गेले नाही."

"तेव्हा तुझ्या तोंडात मावेल एवढी माती पुरली असती," हत्तीण म्हणाली. मग ती टिटवीकडे वळली. "आणि मी तुझं नाव ऐकलं, पण काय झालंय ते बघायला कुणाला पाठवलं नाही. चूक माझीही आहे, बाई. एक अंडं मी तुला परत देऊ शकत नाही."

 टिटवीने उरलेल्या अंड्यांभोवतीचे खडे नीट केले आणि त्यांच्यावर पंख पसरून बसली. तिला अशी गप्प बसलेली कुणी कधी पाहिली नव्हती. मंडळी एकेक करून खाली मान घालून निघून गेली.

तात्पर्य : सगळ्यांना दिसते म्हणजे कुणीतरी सांगितलेच असेल, असे समजू नये. अडचण लहान असतानाच, ती कुठे आणि केवढी आहे हे नीट पाहून, ज्याचे काम आहे त्याला सांगावे. आणि ज्याचे काम आहे त्याने, सांगणारा कोण हे न बघता, काय बिघडले आहे ते जाऊन बघावे.