गाडी डावीकडे का कलते?

गारगोटीत आप्पासाहेब खोराटे कंत्राटदारांचा शब्द शेवटचा. त्यांची गाडी मेकॅनिक दिगंबरने तीनदा खोलली. त्याच्या गॅरेजात चारही चाकांवरची उंची टेपने सारखी भरे, पण आप्पासाहेबांच्या पोर्चमध्ये उभी केली की डावी बाजू बोटभर खाली.

गॅरेजची शेडही आप्पासाहेबांचीच. "आज शेवटचं. नाही जमलं तर शेड रिकामी कर," त्यांनी बजावलं. दिगंबरने हत्यारं पोत्यात भरायलाही घेतली.

दोनच महिन्यांपूर्वी लग्न होऊन आलेली त्याची बायको रेवती त्याच्याबरोबर पोर्चमध्ये गेली. "आप्पासाहेब, गाडी एकदा पश्चिमेकडे तोंड करून लावा ना."

"वास्तुवाल्यानं पूर्वच सांगितलीय, सूनबाई. उलटी कधी लावलीच नाही."

"शेड तर जातेच आहे. जाता जाता एवढं बघू द्या."

कुरकुरत त्यांनी गाडी फिरवून लावली. दिगंबरने मागे सरून पाहिलं. आता उजवी बाजू बोटभर खाली होती.

"दोष गाडीत असता तर डावीच खाली राहिली असती," रेवती म्हणाली. "हा पोर्च कुणी बांधला, आप्पासाहेब?"

"मी. स्वतः उभा राहून."

"मग आता यांनी काय खोलायचं? गाडी, की बंगला?"

आप्पासाहेबांनी वाकून उतरत्या फरशीवर हात फिरवला. "शेड असू दे तुमच्याकडं," ते पुटपुटले, "पण हे गावात बोलू नका."