कैतानच्या नावाची ओ

फार पूर्वी, खाडी जिथे समुद्राला मिळते तिथे, धुक्यात बुडालेलं एक गाव होतं. पहाटे इतकं दाट धुकं उतरायचं की अंगणात उभ्या माणसाला स्वतःचे पाय दिसत नसत. घरं, माड, होड्या सगळं विरघळून जायचं. उरायचे ते फक्त आवाज.

म्हणून त्या गावाची एक रीत होती. होड्या सुटण्याआधी एक म्हातारी चर्चच्या पायरीवर उभी राहायची आणि गावातल्या प्रत्येकाचं नाव घेऊन हाक मारायची. ज्याचं नाव येईल त्यानं आपल्या घरातून ओ द्यायची. रात्रीत कुणी खाडीत घसरलं नाही ना, कुणाला काही झालं नाही ना, हे त्यातून कळायचं. पण गावातल्या पहिल्या फादरनी रीत घालून देताना आणखी एक कारण सांगितलं होतं म्हणे. देवानं प्रत्येकाला नावानं हाक मारून जगात आणलंय. माणसांनीही दिवसातून एकदा ती मारावी.

म्हातारी कुणालाही वगळत नसे. मार्था नावाची बाई गरोदर होती, तर म्हातारी आधी 'मार्था' म्हणायची, जरा थांबायची, आणि मग 'मार्थाच्या पोटातलं' म्हणायची. मार्था दोनदा ओ द्यायची. तिचा नवरा धुक्यातूनच सांगायचा की दुसरी ओ जास्त गोड होती. लोक हसायचे. कुणी जांभई देत ओ द्यायचं, कुणी तोंडात भाकरीचा घास असताना.

गावाच्या टोकाला कैतानचं घर होतं. नऊ वर्षांपूर्वी तो माडावरून पडला, तेव्हापासून बोलला नव्हता, हलला नव्हता. त्याची बहीण नातालीन त्याला चमच्यानं पेज भरवायची, कुशीवर वळवायची, आणि त्याचं नाव आलं की त्याच्या वतीनं ओ द्यायची.

एका वर्षी ओहोटीची वेळ चुकली आणि दोन होड्या रेतीत रुतून फुटल्या. गावचा पाटील काळजीत पडला. माणूस वाईट नव्हता. त्यानं म्हातारीला सांगितलं की हाकांना फार वेळ जातो. यापुढे जो स्वतः ओ देऊ शकतो त्याचंच नाव घ्यायचं. म्हातारीला ते पटलं नाही, पण फुटलेल्या होड्या तिनंही पाहिल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मार्थाच्या नावानंतर ती थांबली नाही. आणि कैतानचं नाव तिनं घेतलं नाही. नातालीन दारात तयार उभी होती. पुढच्या घराचं नाव आलं, त्याच्या पुढच्याचं आलं. मग ती आत गेली आणि भावाच्या कानाशी वाकून त्याचं नाव तिनंच हळूच घेतलं.

होड्या वेळेवर सुटू लागल्या. गाव मात्र हळूहळू बदलत गेलं. कुणी कुणाला तब्येत विचारेना, कारण खरं उत्तर कुणालाच द्यायचं नव्हतं. म्हाताऱ्या उशीत तोंड खुपसून खोकू लागल्या. घसा बसलेला एक सुतार मध चाटून चाटून पहाटेची तयारी करायचा. मार्था पोटावर सैल पदर घेऊन फिरू लागली. आणि पहाटेच्या ओ मोठ्या झाल्या. जांभया गेल्या, हसणं गेलं. नाव आलं की माणसं बुडताना ओरडावं तशी ओरडायची.

पायरीवर उभ्या म्हातारीला ते सगळ्यात आधी कळलं. एवढी वर्षं ती लोकांना हाक मारत होती. आता तिलाच वाटू लागलं की आपण त्यांना घाबरवतो आहोत.

मग एका पहाटे तिनं नावं घेता घेता कैतानचं नाव घेतलं. आणि ती थांबली.

ओ आली नाही. नातालीननं दारात तोंडावर हात दाबून धरला होता. भावासाठी ओ दिली तर पाटील तिचंही नाव गाळेल, आणि मग तिला काही झालं तर कुणाला कळणारही नाही, भावाला कोण सांभाळेल, ही तिची भीती होती. म्हातारी पुढचं नाव घेईना. हाका संपल्याशिवाय होड्या सुटत नसत. सारं गाव धुक्यात उभं राहिलं. खाडीचं पाणी ओसरू लागल्याचा आवाज येत होता.

पाटील चाचपडत पायरीपाशी आला.

"आजी, तो ओ देणार नाही. तुम्हाला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे."

"मग थांबलात कशाला? ओहोटी लागली."

म्हातारी म्हणाली, "तू आईच्या पोटात होतास तेव्हापासून तुला हाक मारतेय मी. पहिली दोन वर्षं एकदासुद्धा ओ दिली नाहीस. तुझी आई द्यायची. तुझ्यासाठी थांबले होते ना रे?"

पाटील मागे वळला. थोड्या वेळानं त्याची पावलं गावाच्या टोकाकडे जाताना ऐकू आली.

नऊ वर्षांत तो त्या घरात गेला नव्हता. आत कैतान निजला होता. त्याचे केस विंचरलेले होते, नखं कापलेली होती. पाटलानं त्याच्या छातीवर हात ठेवला. छाती वर आली, खाली गेली. पुन्हा वर आली. तळहाताला ऊब लागली. बाहेर होड्या अडकल्या होत्या आणि इथे एक माणूस कसलीही घाई न करता श्वास घेत होता. पाटील किती वेळ बसला ते त्यालाही सांगता आलं नसतं.

मग तो दारात आला आणि त्यानं कैतानच्या नावाची ओ दिली. मोठ्यानं नाही, पण पायरीपर्यंत पोचेल इतपत.

म्हातारीनं पुढचं नाव घेतलं.

त्या दिवशी ओहोटी चुकली. होड्या गेल्याच नाहीत आणि घरोघरी सुक्या मासळीवर भागवावं लागलं. कैतान पुढेही कधी हलला नाही, बोलला नाही. धुकंही कमी झालं नाही. पाटलानं हाका अर्धा तास आधी सुरू करायला सांगितल्या, एवढंच. दुसऱ्या दिवशी म्हातारी मार्थाच्या नावानंतर थांबली, आणि धुक्यात कुठेतरी कुणीतरी मोकळेपणानं खोकलं.

तात्पर्य इतकंच: ज्याला ओ देता येत नाही, त्यालाही देवानं हाक मारूनच आणलेलं असतं, त्याच्या वतीनं ओ देणं हे बाकीच्यांचं काम.