मुकं तोंड

आधी तोंड धुऊन घ्या, पाहुणे. माझ्या तळहाताला सुकवलेल्या कुपा माशाचा वास येतो, मला माहीत आहे. पण तुम्ही बोलायचं थांबतच नव्हता. समोर लाटा फुटतायत, नावाड्याने इंजिन बंद केलंय, आणि तुमचं आपलं चालूच, का थांबलो, काय झालं, बुडतो की काय! शेवटी मी तुमच्या तोंडावर हात ठेवला. रागावू नका. मागे एक बडे साहेब आले होते, त्यांच्याही तोंडावर ठेवला होता. आमच्या गावात शिरताना त्यातून कोणाची सुटका नाही.

ते बघा, तिकडे. बेटाभोवती प्रवाळाचा बांध आहे. लाट त्यावर आपटते आणि दिवसरात्र गर्जत राहते. फक्त त्या काळ्या खडकापाशी पाणी खोल आहे, तिथे लाट फुटत नाही. आत यायला तेवढीच वाट. तिला आम्ही 'मुकं तोंड' म्हणतो. आंबोन बंदराहून येणारी मोठी बोट बाहेरच उभी राहते आणि माणसं होडीतून आत येतात. या तोंडातून येताना इंजिन बंद, बोलणं बंद, नुसती वल्ही. किनाऱ्यावरचे लोकही हाक मारत नाहीत. होडी वाळूला लागली की मग गावातली सगळ्यांत म्हातारी बाई समुद्राकडे बघून ओरडते, "काबेल!" तुम्ही विचारलंत, काबेल कोण? बसा, सांगतो. नारळ येतोच आहे.

ही गोष्ट फार जुनी. तेव्हा इथे ना चर्च होतं ना मशीद. तुमच्या मसाल्यातली लवंग मात्र होती, आणि मासा होता. काबेल याच गावचा. त्याच्या आईला सगळे इना लातू म्हणत. इना म्हणजे आई. काबेलच्या पाठचा एक भाऊ होता, सोलेम. दोघे वेगवेगळ्या होड्यांवर जात. काबेलला सगळ्यांच्या आधी घरी पोचायचा भारी सोस. म्हणून त्याची बायको नुराई त्याला चिडवायची, "मासा सापडो न सापडो, भात आधी तुलाच पाहिजे."

नुराई पलीकडच्या बेटावरची. लग्न होऊन आली त्या दिवशी समुद्रावर दाट धुकं होतं. माहेर सुटलं म्हणून ती होडीत मोठमोठ्याने रडत होती. बांध जवळ आला तसा नवऱ्याने काय केलं म्हणे, तर तिच्या तोंडावर हात दाबून धरला. नवी नवरी ती, तिला केवढा अपमान वाटला! कितीतरी दिवस ती विहिरीवर बायकांना सांगायची, "सासरी आले ती तोंड दाबूनच." बायका पोट धरून हसायच्या. काबेलने एकदा तिला समजावलं होतं, "अगं, डोळ्यांना दिसेनासं झालं की आम्ही कानाने येतो. जिथे गर्जना तिथे बांध. जिथे काही ऐकू येत नाही तिथे वाट." तिने ऐकून घेतलं आणि विसरून गेली. आपल्याला कुठे होडी हाकायची आहे, असं तिला वाटलं असणार. इथल्या बायका तेव्हा मासेमारीला जात नव्हत्या, त्यामुळे हे बाकी बायकांना ठाऊकही नव्हतं.

मग तो दिवस आला. सगळ्या होड्या बाहेर होत्या. दुपारी उत्तरेच्या बेटावरचा आगीचा डोंगर फुटला. आवाज झाला, जमीन हलली आणि थोड्याच वेळात आकाशातून राख पडायला लागली. सूर्य गेला. अशी काळोखी झाली की स्वतःचा हात स्वतःला दिसेना. बायका पलिते घेऊन किनाऱ्यावर धावल्या, पण राखेत पलिता चार पावलांवर दिसत नव्हता.

मग माणूस जे करतो तेच त्यांनी केलं. हाका मारल्या. नवऱ्याला, बापाला, लेकाला. ढोल बडवले, करवंट्या आपटल्या. गुडघाभर पाण्यात रांगेने उभं राहून सगळं गाव जिवाच्या आकांताने ओरडत होतं आणि सगळ्यांत मोठा आवाज नुराईचा होता, असं सांगतात. तिला वाटत होतं, माझी हाक त्याच्या कानावर पडली की तो वाचला.

आणि अंधारात समोरून लाकूड फुटल्याचा आवाज आला. एक होडी बांधावर आदळली होती. काळ्या खडकापाशी नाही, अगदी सरळ समोर, जिथे या सगळ्याजणी उभ्या होत्या तिथे. ती हाकांच्या रोखाने आली होती.

बायका आणखी जोरात ओरडायला लागल्या. पण नुराई ओरडायची थांबली. तिला आपल्या ओठांवर तो धुक्यातला हात आठवला. आपल्या गोंगाटाने बांधाची गर्जना झाकून गेली आहे, आणि त्याबरोबर त्या वाटेचं मुकेपणही. बाहेरच्या माणसांना आता वाट कुठली आणि बांध कुठला, काही कळत नसणार. आपणच त्यांना खडकावर बोलावतो आहोत.

"गप्प बसा!" असं ती ओरडली खरी, पण त्या कल्लोळात ते कोण ऐकणार? ती आणखी एक हाक होऊन गेली. मग तिने शेजारणीच्या तोंडावर हात दाबला आणि कानाशी सांगितलं, "बांधाची गर्जना ऐकू दे त्यांना, त्यावरूनच त्यांना वाट कळते." शेजारीण झटापट करत होती. कळलं तशी ती थांबली आणि तिने पुढचीच्या तोंडावर हात ठेवला. अशी एकेक करत रांग शांत होत गेली. तान्ह्या पोरांना छातीशी धरलं. ढोल थांबले.

शेवटी राहिली इना लातू. तिचे दोन्ही मुलगे बाहेर, ती कोणाचं ऐकते? नुराईने तिच्या तोंडावर हात ठेवला तर म्हातारीने कडकडून चावा घेतला. रक्त आलं. नुराईने हात काढला नाही. सून हात काढेना आणि सासू दात सोडेना, अशा दोघी पाण्यात उभ्या राहिल्या. हळूहळू म्हातारीच्या कानावर बांधाची गर्जना आली, आणि त्या गर्जनेतली ती गप्प जागा आली. तेव्हा तिचे दात सैल झाले.

आता वाट बघायची होती. ओरडताना निदान काहीतरी करतोय असं वाटत होतं. आता तेही नाही. राख पडत होती, सगळं गाव एकमेकांच्या तोंडावर हात ठेवून उभं होतं.

तेवढ्यात नुराईच्या गुडघ्याला काहीतरी लागलं. तिने मोकळा हात पाण्यात घातला. होडीच्या नाळेची, पुढच्या टोकाची फळी होती. तिच्या बोटांना फळीला गुंडाळलेली दोरी लागली, तीन पदरांची, मध्ये शिंपला ओवलेली. ती दोरी नुराईनेच विणली होती. काबेलच्या होडीसाठी.

तो नेहमी सगळ्यांच्या आधी यायचा ना. त्या दिवशीही तसाच आला होता, तिचीच हाक ऐकून.

एक हुंदका फुटला असता तरी रांग तुटली असती. म्हातारीला कळलं असतं तर तिला कोणी आवरू शकलं नसतं, आणि सोलेम अजून बाहेर होता. नुराईने ती फळी दोन्ही गुडघ्यांत घट्ट धरली, सासूच्या अंगाला लागू नये म्हणून. तिचा एक हात सासूच्या तोंडावर होता. दुसरा तिने आपल्या तोंडात कोंबला.

मग काळ्या खडकाच्या बाजूने वल्ह्याचा आवाज आला. एक होडी आत आली. मग दुसरी. कोणी जल्लोष केला नाही, मागचे अजून यायचे होते. बायका पाण्यात पुढे जाऊन चेहरे चाचपत होत्या. इना लातूच्या हाताला सोलेमचा चेहरा लागला. तिने त्याला छातीशी धरलं आणि पुन्हा समुद्राकडे वळून उभी राहिली, थोरल्यासाठी.

शेवटची होडी आली. वल्ही मारणारा हळूच म्हणाला, "माझ्या मागे कोणी नाही." तेव्हा नुराईने तोंडातला हात काढला आणि एकदाच हाक मारली, "काबेल!" इतका वेळ धरून ठेवलेली ती हाक. गावाला तेव्हा कळलं. इना लातूने सुनेचा तो रक्ताळलेला हात हातात घेतला, आपल्या गालाला लावला आणि म्हणाली, "आता रड, पोरी. आता रडलीस तर चालेल."

लोक म्हणतात, नुराई पुढे पुष्कळ वर्षं जगली. प्रत्येक होडीच्या वेळी ती किनाऱ्यावर यायची. सगळे सुखरूप आत आले की मगच नवऱ्याला हाक मारायची. ती गेल्यावर सोलेमच्या बायकोने मारली, मग तिच्या सुनेने.

आजही तेच चालू आहे. मघाशी ओरडली ती माझी थोरली बहीण. हाक मारल्यावर आम्ही सगळे एक श्वासभर थांबतो, तुमच्या लक्षात आलं असेल. उत्तर येत नाही, ते आम्हालाही माहीत आहे. पण थांबतो. त्यानंतरच पाहुण्यांना विचारतो, जेवलात का?

तर, जेवलात का?