एक बोट जागा

एक होतं डोंगरमाथ्यावरचं हिरवंगार रान. तिथे गाडी यायची नाही, म्हणून पाहुणे घोड्यांवर बसून हिंडायचे. रानाच्या कडेला बकुळी आणि तिचे बाबा राहायचे. घर इवलंसं, चूल त्याहून इवली. त्यांच्या म्हाताऱ्या, मातकट घोडीवर, भुरीवर, कुणी बसलं तर भाकरी, नाही बसलं तर पातळ आंबील.

शेजारच्या रत्नाकडे मात्र मोत्या घोडा होता! दुधासारखा पांढराशुभ्र, गळ्यात रुणझुण घुंगरं, पायांत चमचमत्या लाल फिती. पाहुण्यांची पोरं त्यालाच बिलगायची. बकुळीच्या पोटात असं दुखायचं की विचारू नका!

एके दिवशी मोत्या लंगडताना दिसला. त्याच्या नडगीवर जखम झाली होती आणि कुणाला कळू नये म्हणून रत्नाने वरून लाल फीत करकचून बांधली होती. फितीवर माश्या घोंगावत होत्या. बकुळीला काय वाटलं? बरं झालं, असं वाटलं. अगदी खरं सांगते.

दुपारी ती भुरीला झऱ्यावर घेऊन गेली. स्वतःचा घसा कोरडा पडला होता, तरी तिने आधी भुरीला पाणी पाजलं. तोच पाण्यावर जांभळी-सोनेरी चमक उठली आणि टीचभर परी बाहेर आली.

"आधी भुरीला पाजलंस ना? मग एक इच्छा माग, सोनुले!"

"माझी भुरी मोत्याहून पांढरी..." बकुळीची जीभ अडली. त्या माश्या तिच्या डोळ्यांपुढून हलेनात. "नको. मोत्याचा पाय बरा कर."

परीने तिला चांदण्याची मऊ पट्टी दिली. "आधी पाणी मीठ घालून उकळ, गार कर, त्याने जखम धू. मग पट्टी बांध, खाली एक बोट जाईल एवढी सैल. पण बांधणाऱ्याच्या मनात हेवा असला, तर ती आपोआप आवळत जाते हं!"

बकुळी मिठाचं पाणी आणि पट्टी घेऊन गेली, तर रत्ना आधी नाहीच म्हणाली. शेवटी तिने फीत सोडली आणि सुजलेला पाय पाहून तीच रडू लागली. बकुळीने जखम हळूहळू धुतली, पट्टी गुंडाळली. पण पट्टी आवळू लागली! बोट जाईना. मोत्या कळवळून खिंकाळला.

"रत्ने, मला तुझा हेवा वाटतो गं!" बकुळी रडत ओरडली. "मोत्याला लागलं तेव्हा मला बरं वाटलं!"

रत्नाने मान खाली घातली. "आणि पाहुणे भुरीकडे जातील म्हणून मी जखम लपवली. माझ्यामुळेच ती चिघळली गं."

पट्टी सैल झाली. अलगद एक बोट आत गेलं.

सकाळी मोत्या चारी पायांवर ताठ उभा! परी पुन्हा आली आणि पट्टीचा उरलेला तुकडा तिने भुरीच्या पाठीवरून फिरवला. भुरीचं अंग पिकल्या गव्हासारखं झळाळू लागलं, पाय हरणासारखे हलके झाले.

"पांढरी नाही केलीस?" बकुळीने विचारलं.

"भुरीला दुसऱ्याचा रंग कशाला गं?" परी हसली आणि लखलखत्या उजेडात विरून गेली.

त्या दिवसापासून बकुळीच्या चुलीवर रोज भाकरी फुगू लागली. पोटात दुखणं थांबलं का? छे! मोत्याची घुंगरं वाजली की अजून जरासं दुखतं. पण मग ती रत्नाला जाऊन सांगते, रत्ना हसते, आणि दोघींच्या मनात एक बोट जागा होते.